‘काहून’चा रकाना

शफीक,

तुझ्या मय्यतीला किती माणसं आली ते मी मोजत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी, बंद पानठेल्याला टेकून मी उभा होतो. टोपीवाले होते, धोतरवाले होते, बार्शीटाकळीकडचे, मूर्तिजापूरकडचे. अंजनगावहून एक म्हातारा एसटीने आला होता. त्याने तुला आयुष्यात पाहिलंच नव्हतं, ओळख सगळी फोनवरची. “शफीकभाऊ गेला, तं आता मी इचारू कोनाले?” असं तो मलाच सांगत होता आणि मी मान हलवत मनात पुढचा आकडा म्हणत होतो. शंभराच्या पुढे मोजणं सोडलं. मग पहिला विचार आला तो असा, की माझ्या वेळेला यातले निम्मे तरी येतील का. रडू त्यानंतर आलं. क्रम हाच होता, तो मी आता बदलणार नाही.

तू मला जळकुकडा म्हणायचास. थट्टेत म्हणायचास, असं मी इतकी वर्षं धरून चाललो.

आपण दोघांनी काय काम केलं ते तुला सांगायला नको, पण हे छापून येणार आहे, तेव्हा थोडं सांगतो. शेतीची ती वाईट वर्षं होती. पुण्यामुंबईचे लोक गाड्या भरून वऱ्हाडात येत आणि फोटो काढून जात. आपल्या संस्थेने उलटं ठरवलं. फोटो शेतकऱ्यांनीच काढावेत. गावातल्या कुणाच्या मोबाइलवर किंवा तालुक्याच्या कॅफेत बसून रोगट पानाचा फोटो साइटवर टाकायचा आणि त्याखाली आपल्या बोलीत चार शब्द लिहायचे, म्हणजे टॅग. त्या शब्दांवरून संगणकाने ओळखायचं की प्रश्न कशाचा आहे, आणि कृषितज्ज्ञांनी आधी लिहून ठेवलेलं उत्तर जोडून द्यायचं. नवा शब्द आला तर माणसाने बघायचं. एकाच्या फोटोला दुसऱ्यानेही शब्द जोडायला मुभा होती. मी अमरावतीच्या कचेरीत होतो, तू अकोल्याच्या केंद्रात.

योजना कागदावर फार सुंदर होती. मग माणसं लिहायला लागली.

तारखेच्या रकान्यात कुणी लिहिलं ‘पोळ्याची कर’. गावाच्या रकान्यात नुसतं ‘धामणगाव’. आता धामणगाव रेल्वे की धामणगाव गढी, ते कोण सांगणार? नावाच्या रकान्यात ‘प्रमिलाचे बाबा’. पिकाच्या रकान्यात कापूस, कपाशी, पऱ्हाटी, कॉटन, शिवाय इंग्रजी अक्षरांतला कापूस पाच प्रकारे. एकाने शेजाऱ्याच्या वावराच्या फोटोला शब्द जोडला होता ‘आळशी’. शेजाऱ्याने उलट त्याच्या बैलाच्या फोटोला जोडला, ‘मालकावर गेला’. वरूडचा एक संत्रेवाला तर दिसेल त्या फोटोला, अगदी मेलेल्या झाडाच्याही, ‘एक नंबर’ एवढंच लिहायचा.

मी पुण्यात सहा वर्षं कंपनीत काढून परत आलेलो. मला हा सगळा कचरा दिसला. वस्तू एक तर शब्द एक, बाकीचे पुसून टाका, असं माझं म्हणणं.

“लोकं चुकीचं नाई लिहून राहिले भाऊ,” तू म्हणालास. “आपल्याले वाचता येऊन नाई राहिलं.”

“पोळ्याची कर ही काय तारीख झाली?”

“मंग काय हाय? पोळा झाला का दुसऱ्या दिवशी कर. साऱ्या वऱ्हाडाले मालूम हाय. तुह्या संगणकालेच मालूम नाई, तं त्याले सांग ना बे.”

आणि तू खरंच सांगितलंस. दोन दिवसांत पोळा, आखाजी, मोहरम, सगळ्यांचे त्या त्या वर्षाचे दिवस भरलेला तक्ता करून मोकळा झालास. मी तो बघून ‘ठीक आहे’ म्हणालो. शफीक, तो ठीक नव्हता. तो सुंदर होता. मला तो सुचला नव्हता एवढंच.

त्याहून मोठी गोष्ट तू केलीस ती शब्दांच्या नात्याची. माझ्याकडे एकच नातं होतं, बरोबर. तू तीन केलीस, आणि नावंही अशी दिलीस की अमरावतीच्या कचेरीत दोन दिवस हसणं चाललं होतं. सख्खे, चुलत आणि आडनावबंधू.

“पाह्य, लाल्या अन ‘पान लाल पडलं’, हे सख्खे. एकाचं उत्तर दुसऱ्याले चालते. मावा अन चिकटा, हे चुलत. घर एक, चूल येगळी. इचारल्याबिगर उत्तर द्याचं नाई. अन तिसरे नुसते आडनावबंधू. देशमुख अमरावतीत बी हायेत, अकोल्यात बी हायेत. म्हनून का त्याईचा सातबारा एक असते?”

आणि नियम असा, की कुणाचाही शब्द पुसायचा नाही. दुसऱ्याशी जोडायचा, आणि जोडणाऱ्याने चार गोष्टी लिहून ठेवायच्या. कोनं, कुठून, कवा, काहून. या रकान्यांची नावं मी दोनदा बदलून ‘कोणी, कोठून, केव्हा, का’ अशी केली. दोनदा तू ती परत फिरवलीस. तिसऱ्यांदा मी नाद सोडला, पण ‘काहून’चा रकाना रिकामा सोडला तरी चालेल अशी सोय तेवढी करून ठेवली. घाईचं काम अडू नये म्हणून, असं कारण मी दिलं होतं.

तुमचं घर पिंजाऱ्यांचं. अब्बांचं गादीघर अजून चालू होतं. कधी वैतागून मी म्हणायचो, इतकी गुंतागुंत कशाला? तर तू म्हणायचास, “आमचं खानदानी कामच हे हाय. गाठी सोडवाच्या. गाठ हाय म्हनून कापूस फेकला, तं गादीत भराचं काय?” बोलून झालं की हातानेच कापूस पिंजायची धुनकी वाजवून दाखवायचास. कचेरीतल्या पोरी हसायच्या. माझ्या कुठल्या बोलण्यावर त्या कधी हसलेल्या मला आठवत नाहीत.

पण यातल्या कशाने मी इतका जळलो नाही, जितका आमच्या गावी जळलो.

दर्यापूरच्या बाजूला आमचं गाव. पाहणीला निघालो होतो, म्हणून आईकडे थांबलो. तू सरळ धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन बसलास आणि तिला विचारायला लागलास, काकू, हे सुकलं त्याले काय म्हनता, हे पिवळं पडलं त्याले काय म्हनता. आणि आई बोलायला लागली. तास, दीड तास. मी चहाचा कप हातात घेऊन उभा. तुला ठाऊक नव्हतं, आता सांगतो. आई माझ्याशी अशी बोलत नसे. मी पुण्याहून पहिल्यांदा सुट्टीला आलो तेव्हा पाहुण्यांसमोर तिला टोकलं होतं, ‘मले’ नाही, ‘मला’ म्हण. त्यानंतर ती माझ्याशी जपून बोलायची. पुस्तकातलं बोलायची. चुकेल म्हणून थोडं बोलायची. तिच्याजवळ इतके शब्द होते, हे मला तू तिला विचारल्यावर कळलं.

“वाळलं ते पान्याविना,” ती तुला सांगत होती. “करपलं ते उन्हानं. अन जळलं म्हनजे शेजारच्या वावरातून कोनाचं तरी औषद उडून आलं. वाळनं-करपनं आपलं आपन व्हते. जळाले शेजारी लागते बाप्पा.”

तू हसत सुटलास. “काकू, हे तं मानसाईलेबी लागू हाय.”

“मंग? मानूस का येगळं पीक हाय?”

तू ते वहीत लिहिलंस, तिच्या नावासकट. जाताना तिने तुझ्या पाठीवर हात ठेवला, “येत जाजो रे.” मला म्हणाली, “सांभाळून जा.” बघ, तुला ‘जाजो’, मला ‘जा’.

आता तो शुक्रवार.

सोमवारी पैसे देणाऱ्यांची माणसं बघायला येणार होती. मागच्या खेपेला त्यांनी सगळ्यांसमोर तुझ्या नात्यांच्या तक्त्याचं कौतुक केलं होतं आणि मला विचारलं होतं, ‘तुम्ही याच्याबरोबर काम करता का?’ याच्याबरोबर. पदाने मी तुझ्या वरचा होतो. या खेपेला त्यांची तक्रार अशी होती की तुझ्या यादीत ‘विचारायचं बाकी’ म्हणून फार शब्द अडकून पडतात आणि लोकांना उत्तरं उशिरा जातात. तक्रार खरी होती. म्हणून मी शुक्रवारी सकाळी अकोल्याला आलो, यादी मोकळी करायला. इतपत सगळं नियमातलं आहे.

दुपारी तू जुम्म्याच्या नमाजेला निघालास. “डब्बा खाऊन घेजो, मी आलोच.” डबा शबाना भाभींनी दिलेला, माझ्यासाठी वेगळी वांग्याची भाजी. मी जेवलो, हात धुतले आणि तुझ्या खुर्चीवर बसलो. संगणक तुझ्या नावाने उघडा होता. माझ्या नावाने पुन्हा उघडायला अर्धं मिनिट लागलं असतं.

यादीत बहुतेक साधे होते. अक्षर चुकलेले, इंग्रजीत लिहिलेले. एकेक जोडत गेलो आणि मला मजा वाटायला लागली, की हा माणूस महिना महिना ज्यावर बसून राहतो ते मी तासात उरकतोय. मग ‘दही’ आला.

बार्शीटाकळीच्या बाजूच्या नर्मदाकाकूंनी टाकलेला फोटो. मोबाइलचा, धूसर. पऱ्हाटीचा शेंडा आणि त्यावर पांढरं काहीतरी. खाली एकच शब्द, दही. आपल्याकडे दहिया नावाचा रोग होताच. पऱ्हाटीच्या पानामागे दह्याचे शिंतोडे उडाल्यासारखी बुरशी येते, तो. त्याचं उत्तर तयार होतं, गंधकाची धुरळणी. दही आणि दहिया. कुणीही जोडले असते.

असं मी पुढे अनेकांना सांगितलं. कुणीही जोडले असते. पण त्या शब्दाशेजारी तुझी टीप होती, शफीक. ‘दहियाचा सख्खा वाटत नाई. आडनावबंधू असन. काकूले इचाराचं बाकी.’

ती मी वाचली. हे आजवर कुणाला बोललो नाही. घाईत नजरेतून सुटली असं नाही, पूर्ण वाचली, दोनदा वाचली, आणि ‘आडनावबंधू’ या शब्दावर थांबलो. एक धुनकीवाल्याचा मुलगा मला शिकवतोय की माझ्या आईच्या भाषेत कोण कुणाचा सख्खा आहे. हे असंच्या असं मनात आलं होतं. मी ‘सख्खे’ निवडलं, ‘काहून’ रिकामा सोडला आणि पुढच्या शब्दाकडे गेलो. नर्मदाकाकूंना दहा मिनिटांत उत्तर गेलं.

तू परत आलास, मोकळी यादी पाहिलीस. “लय फास्ट काम करून राहिला भाऊ तू,” एवढंच म्हणालास आणि उरलेली भाजी डब्याच्या झाकणात घेऊन खाऊ लागलास.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार. तीनेक आठवड्यांनी अकोल्याच्या केंद्रात बैठक होती, सगळे होतो, संस्थेचे प्रमुखही. काकू दारातून सरळ आत आल्या. पिशवीतून पऱ्हाटीचं एक झाड काढलं आणि टेबलावर, कागदांवर ठेवलं. खोडापासून शेंड्यापर्यंत पांढऱ्या कापसासारख्या किड्यांनी ते लिंपलेलं होतं. पिठ्या ढेकूण. त्या वर्षी तो आपल्याकडे नवाच होता, त्याला गावात नाव नव्हतं. त्यांनी आपलं नाव दिलं होतं.

“हे पाहा. हे दही हाय. दहिया पानाले येते, हे का मले माहीत नाई? मी दही लिवलं व्हतं. धुऱ्यावरच्या धा झाडाईलेच व्हतं तवा. तुमी सांगतलं गंधक मारा, मी मारलं. पुन्ना मारलं. मले वाटलं, शिकल्यासवरल्या लोकाईले माह्यापेक्षा जास्त समजत असन. आता साऱ्या वावरात गेलं. काल उपटून पेटवून देली पऱ्हाटी.”

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो माझ्या डोक्यात अजून त्यांच्याच आवाजात आहे.

“माह्या दह्याचं दहिया कोनं केलं?”

प्रमुखांनी नोंद उघडायला सांगितली. उघडली. ‘कोनं’च्या खाली तुझं नाव.

सगळे तुझ्याकडे बघत होते. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी ते किती वर्षं माझ्या सोयीने वापरलं! पाहिलं नाही म्हणजे त्याला माहीत नाही, असं. तू काकूंकडे बघून म्हणालास, “काकू, नाव तं माहंच दिसून राहिलं.”

आता ते वाक्य पुन्हा ऐकतो तेव्हा कळतं, तू किती नेमकं बोलला होतास. ‘मी केलं’ म्हणाला नाहीस. नोंदीत जेवढं होतं तेवढंच बोललास. माझं नाव घ्यायला मला जागा सोडली होतीस. मी टेबलावरचं झाड बघत होतो.

“तुले पोरासारखं समजलं,” काकू म्हणाल्या. “अन तू माह्या वावराची राख केली. गादीवाल्याले का समजते शेतीतलं? चूक माहीच हाय.” आणखीही बोलल्या. तू खाली मान घालून ऐकलंस.

महिनाअखेरीस तुझी नोकरी गेली, तू अब्बांच्या गादीघरात बसू लागलास. दोन्ही केंद्रं माझ्याकडे आली. मी तुझी तीन नाती काढून टाकली, एका वस्तूला एक शब्द ठेवला. रकान्यांची नावंही शेवटी माझ्या मनासारखी झाली. साइट इतकी स्वच्छ झाली की लोक यायचे थांबले. जे मोजके येत ते दिलेल्या यादीतून निवडत आणि उत्तर आपल्या पिकाला लागू नाही म्हणून निघून जात. पैसे थांबले तेव्हा बंद पडली. मला दुसरी नोकरी मिळाली. माझ्यासारख्यांना मिळते.

आणि लोक कुठे गेले, तर तुझ्या दुकानात. मला कळलं ते दोन वर्षांनी, दुकानात आलो तेव्हा. गादीच्या टाक्यावरून हात न उचलता, खांद्याने फोन कानाशी धरून तू विचारत असायचास, “दही म्हनता म्हनजे कसं? पानाले हाय का खोडाले? बोट लावल्यावर पुसल्या जाते का?” काम गेलं, पगार गेला, तरी काम तुझ्याकडेच राहिलं. याला काय म्हणावं? माझ्याकडे कचेरी होती आणि फोन तुला येत होते. मी त्या दिवशी दुकानात उभा राहून तुझा हेवा केला, शफीक. तुझं इतकं घेऊन झाल्यावरही केला.

“भाऊ, गादी घेऊन जा,” तू म्हणालास. “असली कापूस हाय. निवडून भरतो तुह्यासाठी.” ती गादी अजून घरात आहे. बायको म्हणते, इतकी वर्षं झाली तरी गाठ म्हणून झाली नाही.

तुमच्या दुकानाच्या पायरीपर्यंत मी किती वेळा सांगायला आलो, त्याचा हिशेब देत नाही. सांगितलं एकदाही नाही, म्हणजे हिशेब तेवढाच. दवाखान्यातही त्यासाठीच आलो होतो. तू डोळे उघडलेस. “काय बे जळकुकड्या. सांगाचं हाय का काही?”

मी म्हणालो, “नाही रे. सहज आलो.”

“बरं,” तू म्हणालास. “रकाना उघडा हाय.”

भाभी म्हणाल्या, तापात काहीबाही बोलतात. मीही तसंच समजलो. तसं समजायचं ठरवलं, हे जास्त खरं.

तू गेल्यावर दहाव्या दिवशी मी पुन्हा तुमच्या घरी गेलो. भाभींनी कपाटातून एक डबा काढून दिला, मिठाईचा, आत जुनी हार्ड डिस्क. “आपके लिए रखे थे. बोले थे, विलासभाई आएंगे तो देना. मैंने पूछा, नहीं आए तो? बोले, आएंगे, वो आदमी देर से आता है, पर आता है.”

डिस्कमध्ये सगळं होतं, तुझ्या प्रोग्रामसकट. मी पुसलेले सगळे शब्द, त्यांची नाती, त्यांची माणसं. नंतर दुकानात बसून घेतलेले शेकडो नवे. आणि त्या शुक्रवारचे. त्या तासात मी रिकामे सोडलेले ‘काहून’ तू मागाहून एकेक करून भरले होतेस. ‘अक्षर चुकलं.’ ‘इंग्रजीतून आलं.’ ‘एकाच मानसानं दोनदा लिवलं.’ माझी बाजू तू माझ्यासाठी लिहून ठेवली होतीस.

मग दही आलं. नोंद अशी. कोनं: शफीक. कुठून: अकोला केंद्र. कवा: शुक्रवार, दुपारी दीड. आणि त्याच्यापुढे तू टाइप केलेलं, ‘जुम्म्याची नमाज’.

काहून: रिकामा.

अख्ख्या डिस्कमध्ये तो एकच रिकामा आहे. मी शोधून पाहिलं. ज्या वेळी नमाजेला गेला होतास त्याच वेळी तू हे केलंस, असं तू स्वतः लिहून ठेवलंस, आणि पुढचं लिहिलं नाहीस. दुसऱ्याचं ‘काहून’ आपण लिहायचं नाही, हाही तुझा नियम असावा. मला आधी राग आला. माफ तरी करायचं होतंस, नाहीतर चार लोकांत कानफटात मारायची होतीस. दोन्हींपैकी काही केलं असतंस तर मी त्यातून सुटलो असतो. नुसती जागा सोडून बसून राहणं, इतकी वर्षं, गाद्या शिवत! हे मला जमलं नसतं. याचाही हेवा वाटतो. हा दुखण्याचा भाग आहे, तो जाणार नाही.

परवा नर्मदाकाकूंकडे गेलो. त्या आता फार थकल्यात, पण ओळखलं. ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं. खुर्ची कुणाची, वेळ कुठली, टीप काय होती. तुझं काही राखून ठेवलं नाही, माझंही नाही. त्या तूर निवडत होत्या. हात थांबला.

“आता सांगून राहिला? तो गेल्यावर?”

“हो काकू.”

त्यांनी सूप बाजूला सारलं. मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्यासाठीच गेलो होतो बहुधा.

“पऱ्हाटीचं जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “पऱ्हाटी दुसऱ्या साली पुन्ना पेरली. पन त्याले मी जे जे बोलली, ते आता कुठी ठेवू बाप्पा?”

याचं उत्तर तुझ्या तक्त्यात असतं तर बघितलं असतं.

घरी येऊन डिस्क लावली. तुझं नाव पुसायला हात गेला होता, पण पुसायचं नाही हा नियम तुझाच. ते खोटं तिथे राहील, कायम, सगळ्यांना दिसेल असं. त्याच्याखाली मी नवी नोंद जोडली. कोनं: विलास. कुठून: अकोला केंद्र, शफीकच्या खुर्चीवरून. कवा: शफीक नमाजेला गेला तेव्हा.

काहून.

घाई, यादी, सोमवारची माणसं, धूसर फोटो, सगळं एकेकदा लिहून पाहिलं आणि खोडलं. मग एकच शब्द लिहिला.

जळून.

तुझ्या प्रोग्रामने लगेच खाली एक ओळ आणली, तशी तो प्रत्येक नव्या शब्दाला आणतो. याच्या जवळचा एक शब्द आधीपासून आहे. जळलं. कोनं: विलासभाऊची आई. कुठून: दर्यापूरकडं, धुऱ्यावर. काहून: शेजारी लागते. नातं निवडा.

मी टीप आहे का ते आधी पाहिलं. नव्हती. मग ‘सख्खे’ निवडलं.